नाव वगळून

त्याचं नाव इथे लिहिता येत नाही.
गावाचंही नाही. गावात त्या वयाची पोरं चार,
आणि बुराईच्या अलीकडच्या काठाला कोण राहतं
हे एसटीचा कंडक्टरसुद्धा सांगेल.
मायचं नाव लिहिलं असतं,
पण तिला सगळे त्याच्याच नावाने हाक मारतात,
अमक्याची माय.
म्हणून नुसता तो.

धुडकू हवालदार त्याला धुळ्याला घेऊन आले
साध्या कपड्यांत, कायद्यात आहे तसं.
पुतण्याच्या हळदीचा डाग पडलेला शर्ट.
बेडी नाही. सोनगीरला उतरून
स्वतःच्या पैशाने त्याला भजी घेऊन दिली,
ते डायरीत नाही.

मंडळासमोर एकच टेबल, प्लास्टिकच्या खुर्च्या,
त्यातली एक डुगडुगणारी.
आरोपी म्हणायचं नाही. अटकही म्हणायचं नाही.
म्हणायचं विधिसंघर्षग्रस्त बालक.
मी मायला ते तोडून तोडून सांगितलं.
ती म्हणाली,
"मांगे आम्ही दुष्काळग्रस्त व्हतूत ना बाई,
तव्हय पैसा उनथात.
याना कव्हय येतीन?"
दंडाधिकारी मॅडमनी चष्मा काढला, पुसला.
पुसायला बराच वेळ लावला.

वय पंधरा. दाखल्यावर एक जून,
वर्गातल्या इतर एकवीस जणांसारखा.
माय म्हणते, कानबाईचे रोट चालू होते.
कोणत्या साली, ते कानबाईला ठाऊक.

ठाणसिंग गिरासेंच्या विहिरीवरची केबल, बेचाळीस मीटर.
नाल्यात जाळून तांबं काढलं.
सोबतचे दोघे मिशीवाले.
भंगारवाला कागदात कुठेच नाही.
याच्या वाट्याला शेवभाजीची एक प्लेट
आणि शंभराची नोट, कोपरा फाटलेली,
दुकानदाराने परत केलेली.
ती नोट मात्र पंचनाम्यात आहे.

मी परिविक्षा अधिकारी. माझ्याकडे छापील अहवाल.
घरातील वातावरण :
घराला दार नव्हतं, पोतं होतं.
हे वातावरणात येतं की मालमत्तेत,
मी पेन धरून बसले.
बालकास कशाची आवड आहे :
तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला,
"मोटर चालू कराले.
पहिलं पानी येस ना, तव्हय पाइप हालस."
मी लिहिलं, यांत्रिक कामाची आवड.

निरीक्षणगृहात एकोणीस रात्री
चपला उशाखाली घेऊन झोपला.
मग आदेश झाला. समज, समुपदेशन,
आणि गुरांच्या दवाखान्यात चाळीस तास.
डॉक्टर सुई टोचेपर्यंत शेळी धरायची.
चाळीस संपले तरी तो जात राहिला,
आणखी अकरा तास. डॉक्टरांनीच फोन करून सांगितलं,
याचं काय करू?

पुढे मुदत भरली, नोंदी नष्ट करायचं पत्र आलं.
कचेरीमागे पत्र्याच्या डब्यात त्या जाळल्या.
कागद भराभर जळाला.
रबराला वेळ लागतो, तो म्हणाला होता,
आणि धूर अंगाला धरून राहतो,
मायने ओळखलं ते त्या वासावरून.

परवा तो आला. दाढी फुटलेली.
वायरमनच्या जागेचा फॉर्म, घडी घालून खिशात.
आपणाविरुद्ध कधी गुन्हा नोंदला गेला होता काय?
होय. नाही. दोन चौकोन.
"काय लिखू, मॅडम?"
नाही लिही.
"पन व्हता ना."
मी कलम सांगितलं. ते खोटं नाही रे,
कायदाच म्हणतो, विसरा.
मंडळासमोर ऐकायचा तसंच ऐकत होता,
माझ्या पायांकडे बघत.
"गिरासे आप्पाले म्हाईत शे," तो म्हणाला.
यावर माझ्याकडे कलम नव्हतं.

पंखा बंद केला मी, फॉर्म उडत होता.
त्याने दुसऱ्या चौकोनात खूण केली,
फार हलकी, पुन्हा एकदा गिरवली,
शाईवर फुंकर घातली,
आणि विचारलं,
फोटो डिंकाने लावू, की टाचणी चालेल?